विचारून सांगतो



मागे एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक तरुण भेटला. श्रीरामपूरकडचा, खराडीत नोकरी लागलेली, नुकतेच लग्न झालेले. महिनाभर तो घर शोधत होता. एजंट घर दाखवायचा, भाडे आणि डिपॉझिट जमायचे, मग आडनाव विचारले जायचे आणि उत्तर मिळायचे, "घरात विचारून कळवतो." तोंडावर कोणी नाही म्हटले नाही, पण फोनही कोणाचा आला नाही.

ऐकून आपल्याला वाईट वाटते. पण आज आपल्यातल्याही कित्येकांचे वडगाव शेरी, हडपसर भागात फ्लॅट आहेत. भाडेकरू आला की आपण काय विचारतो?

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला कोणी जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावले. तेव्हा त्यांनी दोन मित्रांना गाठले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळला, पण तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील, असे बोलून गेला. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. बाप्तिस्मा झाला, पण जात घरातून गेली नव्हती. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

लाठीवाले तर दोषी होतेच. पण मला टोचतो तो आपला ख्रिस्ती भाऊ. तो वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त नकार दुसऱ्याच्या नावावर टाकला. आपणही तेच करतो. "आमचे काही नाही हो, पण सोसायटीला चालत नाही."

कोणी म्हणेल, घर माझे, कष्टाच्या पैशांचे. कोणाला द्यायचे हे मीच ठरवणार. बरोबर आहे. एखाद्या विधवा भगिनीचा महिन्याचा खर्च त्याच भाड्यावर चालतो. भाडेकरू निघालाच नाही तर, ही तिची भीती खोटी नाही. पण त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा लेखी करार करून त्याची नोंदणी करणे घरमालकावर बंधनकारक आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोकरी कुठे, भाडे वेळेवर देणार का, हे जरूर विचारावे. पोलिसांकडे माहितीही द्यावी. ही झाली काळजी. माणूस काय करतो, हे ती पाहते. आडनाव मात्र तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच सांगते. त्यावरून ठरवणे ही काळजी नव्हे.

दर नाताळला आपण गोठा सजवतो. मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे लेकरांना सांगतो. पुढच्या वेळी एजंटचा फोन येईल, "साहेब, पार्टी चांगली आहे, पण जरा वेगळ्या समाजाची आहे," तेव्हा आपण काय उत्तर देणार आहोत?