ओवीचा आकडा कोणाचा?

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून काढली. ही प्रत एकनाथांच्याही आधीची आहे, असे त्यांचे मत होते. त्यावर अभ्यासकांत मोठे वाद झाले. या वादांत एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. प्रचलित प्रतींत सुमारे ९,००० ओव्या आहेत, तर राजवाड्यांच्या प्रतीत त्याहून शंभरावर कमी. कीर्तनकार अध्याय आणि ओवीचा आकडा सांगतो, श्रोता आपली प्रत उघडतो आणि त्याच आकड्यावर त्याला दुसरीच ओवी सापडते.

मग तो आकडा ओवीचा की प्रतीचा?

वेदान्ताने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या संदर्भात हाताळला आहे. वस्तू ओळखण्याच्या खुणा तो दोन प्रकारच्या मानतो. स्वरूपलक्षण वस्तूतच असते. तटस्थलक्षण बाहेरून, तात्पुरते ओळख पटवते. तटस्थलक्षणाचा परंपरागत दाखला देवदत्ताच्या घराचा: ज्या छपरावर कावळा बसला आहे, ते त्याचे घर. कावळा उडाला तरी घर तेच राहते. ओवीचा आकडा असाच बाहेरचा आहे. फक्त इथला कावळा नुसता उडून जात नाही. मध्ये एक ओवी वाढली की तो शेजारच्या छपरावर जाऊन बसतो, आणि वाट विचारणारा भलत्याच दारात उभा राहतो.

यावर सुचणारा उपाय म्हणजे खूण ओळीतच गुंफणे. पण त्यात जास्त धोका आहे. पोथीच्या समासात कोणी अर्थ स्पष्ट करणारे दोन शब्द लिहितो, पुढचा नकलकार ते मूळ समजून पाठात उतरवतो, आणि पिढी-दोन पिढ्यांनी ते शब्द ग्रंथकर्त्याच्या नावावर जमा होतात. प्रक्षेप शिरण्याची ही नेहमीची वाट. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच काळजीने, आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावून ठेवले. संतांच्या नाममुद्रेचेही तेच. ‘तुका म्हणे’ ही अभंगाच्या भाषेतलीच खूण. म्हणून ती कोणालाही रचता येते, आणि तुकोबांचे नसलेले अभंगही तीच मुद्रा मिरवतात.

नकलकारांची एक रीत या दृष्टीने फार शहाणी आहे. ओवी संपली की दुहेरी दंड, मग आकडा, मग पुन्हा दंड. ओवीच्या शब्दांत दंड येत नाही. अंकही येत नाही: ज्ञानेश्वरीच्या रचनेचा शक प्रचलित प्रतींत शब्दांत सांगितला आहे आणि एकनाथांनी आपल्या शोधनाचा शकही शब्दांतच दिला आहे. त्यामुळे पोथीत अंक दिसला की तो ग्रंथकर्त्याचा नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. खूण ओळीला चिकटून राहते आणि तरीही ओळीत मिसळत नाही.

संगणकाची भाषा शिकवणारे लेखक आज हेच कोडे सोडवत आहेत. ‘सातवी ओळ पाहा’ असे लिहावे, तर वर एक ओळ वाढताच ती आठवी होते. म्हणून ओळीला नाव द्यायचे. पण ते नाव कोडमध्येच लिहिले, तर संगणक त्यालाही आज्ञा समजतो. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑर्ग-मोड’ या मजकूर लिहिण्याच्या साधनात असे नाव ओळीच्या शेवटी कंसात लिहितात आणि कोड चालवण्याआधी ते काढून टाकले जाते. लिस्पसारख्या भाषेत मात्र कंस हाच रोजचा शब्दसंग्रह. नाव आणि आज्ञा यांची गल्लत होण्याची भीती असेल, तर लेखकाला खुणेचे रूप बदलता येते. ‘अ‍ॅस्किडॉक्टर’ या तशाच दुसऱ्या साधनात खुणेचा आकडा कोनी कंसात येतो; पण एक्सएमएल ही भाषाच कोनी कंसांची, म्हणून तिथे तो टिपणीच्या वेषात लिहावा लागतो. प्रत्येक भाषेत न वापरलेले चिन्ह वेगळे, म्हणून खूणही वेगळी.

आकडा मुळीच नसेल, तर काय? राजवाड्यांना पोथी मिळाली त्याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेले ‘पंचीकरण’ हे वेदान्ताचे विवेचन. कापडाला पाने नाहीत, म्हणून पान क्रमांकाचा आधारही नाही. तिथल्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवायचे, तर विषयाच्या विभागाचाच आधार घ्यावा लागतो. ती खूण स्वरूपाच्या अधिक जवळची आहे, कारण कापड कसेही दुमडले तरी विषय जागा सोडत नाही.

प्रमाण मानलेल्या ग्रंथाकडे बोट दाखवणे हीदेखील एक जबाबदारी आहे. खूण काढून घेतल्यावर ओळ जशीच्या तशी उरली पाहिजे, आणि ओळ हलली तर खूण तिच्यासोबत गेली पाहिजे. केवळ आकडा दुसरी अट मोडतो, तर पाठात मिसळलेला शब्द पहिली. ज्ञानेश्वरीच्या डिजिटल आवृत्त्या करणाऱ्यांनी प्रत्येक ओवीला क्रमावर न बेतलेले कायमचे नाव द्यावे, ते पाठाबाहेर ठेवावे आणि त्याच्यापुढे राजवाडे प्रतीतला व एकनाथी परंपरेतला असे दोन्ही आकडे लिहावेत. एखादी ओवी एका प्रतीत नसेल, तर त्या प्रतीचा रकाना रिकामा सोडावा. पाटांगणच्या प्रतीत काय नव्हते, हे मग प्रत्येक वाचकाला ओवीगणिक पाहता येईल.