अंगावर काढलेलं दुखणं

लेकीच्या बाळंतपणासाठी मी डॅलसजवळच्या एका उपनगरात गेले होते. नातू एकवीस दिवसांचा होता. दुपारी त्याला न्हाऊ घालून उठले आणि डाव्या खांद्यात कळ आली, छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटलं. थोडा वेळ भिंतीला टेकून बसले आणि मग आळिवाची खीर करायला उठले. दुसऱ्या दिवशी जिना चढताना मधेच थांबावं लागलं. तिसऱ्या दिवशी पहाटे अंग घामाने थबथबलं, ते जावयाने पाहिलं, आणि वीस मिनिटांत आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो.

दोन दिवस मी गप्प होते, कारण मला बिलाची भीती होती. संध्याकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांत हा एकच विषय असायचा. कुणाच्या वडिलांचा मूतखडा, कुणाच्या सासूबाईंचं घसरून पडणं, आणि त्यामागून आलेले आकडे. डॉलरचा आकडा ऐकला की आम्ही सगळे मनात रुपयांचा हिशेब करायचो. लेक बिनपगारी रजेवर, घराचे हप्ते चालू, त्यात आपलं दुखणं कुठे काढायचं? आपल्याकडे याला ‘अंगावर काढणं’ म्हणतात. माझ्या आईने सगळा संसार असाच केला. त्यात मोठेपणा आहे असं मी लहानपणापासून ऐकत आले.

रुग्णालयात कुणी पैशाचं नाव काढलं नाही. ईसीजी झाला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं, एक रात्र निरीक्षणाखाली ठेवलं. आपल्याकडे बऱ्याच खासगी रुग्णालयांत आधी अनामत रकमेची खिडकी गाठावी लागते, म्हणून मला वाटलं, विम्याने सगळं परस्पर भागवलं असणार. हा समज चुकीचा आहे, आणि तो फार जणांचा होतो. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कुणीही आलं, तर त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे आहेत का, व्हिसा कोणता, या प्रश्नांवर ते अडवता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य ठरवलं आहे. पण अमेरिकेतला तो कायदा उपचार फुकट करा असं कुठेच म्हणत नाही. दार उघडं असतं, बिल मागाहून टपालाने येतं.

तेही एक येत नाही. रुग्णालयाचं वेगळं, तातडीच्या विभागातल्या डॉक्टरचं वेगळं, छातीची फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरचं वेगळं. या शेवटच्या डॉक्टरचं तर मी तोंडही पाहिलं नव्हतं. सगळी बेरीज पाच आकडी झाली, डॉलरमध्ये. हृदयविकाराचा झटका नव्हता, ही आनंदाची बातमी त्या बेरजेपुढे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

आता विम्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पॉलिसी आम्ही इथूनच घेतली होती. विकणाऱ्याने वय विचारलं, जायची-यायची तारीख विचारली, पासपोर्टचा नंबर घेतला. अकरा वर्षं मी रक्तदाबाची गोळी घेते, तेही मी सांगितलं. ‘बीपी सगळ्यांनाच असतं’ असं म्हणून त्याने फॉर्म पुढे सरकवला. आत बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळणार नाही. अपवाद एकच : त्या आजाराने अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता उचल खाल्ली असेल आणि चोवीस तासांच्या आत उपचार घेतले असतील तर. प्रवाशांच्या विम्यात हे कलम सर्रास असतं. त्याला ‘अॅक्यूट ऑन्सेट’ म्हणतात, आणि अनेक पॉलिसींत सत्तरीनंतर तेवढाही आधार उरत नाही.

रुग्णालयात नर्सने टॅबलेटवर मराठी दुभाषी जोडून दिली होती. कधीपासून दुखतंय, तिने विचारलं. मी म्हटलं, ‘परवापासून. अंगावर काढलं.’ दुभाषी क्षणभर थांबली. तिने काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. चार महिन्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं, त्यात रुग्णालयाच्या नोंदीतलं वाक्य उतरवलेलं होतं : रुग्णाला दोन दिवसांपासून लक्षणं होती, तिने उपचार घेतले नाहीत. चोवीस तास उलटून गेले होते. क्लेम नामंजूर.

मी खरं बोलले याचा मला पश्चात्ताप नाही. डॉक्टरला खरं सांगायचं नाही तर कुणाला? पण ते पत्र मी कितीतरी वेळा वाचलं. खर्चाच्या भीतीने माणूस दुखणं लपवतो, आणि लपवलं म्हणूनच खर्च त्याच्या गळ्यात पडतो. ज्याने भीती घालवायची तो विमा नेमका भित्र्या माणसालाच बाहेर ठेवतो. अडुसष्ट वर्षांच्या शरीराला काहीतरी पूर्वेतिहास असणारच. रक्तदाब, साखर, थायरॉईड, एखादी जुनी शस्त्रक्रिया. त्या वयाच्या माणसाला विमा विकायचा आणि हा सगळा इतिहास वगळायचा, तर विकलं काय?

निरनिराळे देश माझ्यासारख्या पाहुण्यांकडे निरनिराळ्या नजरेने पाहतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आधी दाखवावा लागतो. कॅनडाच्या सुपर व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना निदान वर्षभराचा, किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या पाहुण्याला व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागत नाही. तातडीच्या विभागात त्याला फुकट पाहतात, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट आकारणी होते. ५०० पौंडांहून मोठं बिल थकलं, तर पुढचा व्हिसा अडू शकतो. अमेरिका बी-२ या पर्यटक व्हिसावर येणाऱ्याकडे विम्याची मागणीच करत नाही. वरवर हे औदार्य वाटतं. मला मात्र मागणी करणारा देश अधिक सरळ वाटतो. आजारी पडलात तर पैसे लागतील, हे तो दारातच सांगतो. पण विम्याची रक्कम ठरवून दिली तरी जुन्या आजाराचा प्रश्न तिथेही सुटत नाही. कॅनडातल्या पॉलिसींत तो आजार ठरावीक काळ ‘स्थिर’ असल्याची अट असते. मधल्या काळात गोळीचा डोस बदलला, एवढ्यावरही वाद होऊ शकतो.

आणि आम्ही तिथे जातो कशाला? पर्यटक म्हणून शिक्का बसतो, पण माझ्या सहा महिन्यांत मी मॉलखेरीज फारसं काही पाहिलं नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. अमेरिकेत बाळंतिणीला पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही. बाळाला दिवसभर सांभाळणाऱ्या पाळणाघराचा खर्च तर घराच्या भाड्याशी स्पर्धा करतो. ही पोकळी कोण भरून काढतं? साताऱ्याहून, नाशिकहून, नागपूरहून डिंकाचे लाडू बांधून निघालेल्या आज्या. आधी आईकडची येते, ती परतली की वडिलांकडची. रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसणारी, मेतकूट-भात कालवणारी ही बाई त्या घराची नोकरी आणि घरहप्ता दोन्ही चालू ठेवते. तिच्या कष्टाची नोंद कुठल्याही सरकारच्या वहीत नाही, आणि तिच्या छातीत दुखलं तर ते कुणाच्याच विम्यात बसत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय आहे असं आपण स्पष्ट म्हणायला हवं.

पुढे जे निभावलं ते जावयाच्या चिकाटीने. रुग्णालयाकडून त्याने एकेक बाब वेगळी मांडलेलं बिल मागून घेतलं. एक तपासणी दोनदा लावलेली निघाली. विमा नसलेल्याला छापील दर लागतात आणि विमा कंपन्यांनी मात्र ते घासाघीस करून कमी करून घेतलेले असतात, हे त्याला तेव्हा कळलं. २०१० च्या आरोग्य कायद्याने धर्मादाय दर्जाच्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं सक्तीचं केलं आहे, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. पात्र कोण, हे ज्याचं त्याचं रुग्णालय ठरवतं. अर्ज करायला तो आधी तयार नव्हता. ‘आई, आपण काय भिकारी आहोत का?’ असं तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यात मला त्याचा सगळा ताण दिसला. मी म्हटलं, हा त्यांच्याच कायद्यातला अर्ज आहे, त्यात लाज कसली. शेवटी काही सूट मिळाली, उरलेल्याचे बिनव्याजी हप्ते झाले. ते दोन वर्षं चालले. माझ्या पेन्शनमधून मी वाटा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

आता आमच्या सोसायटीतल्या बायका जायच्या आधी माझ्याकडे येतात. मी त्यांना फार थोडं सांगते. गोळ्या मुक्कामभर पुरतील इतक्या न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपलं पॅरासिटामॉलसुद्धा तिकडे अॅसिटामिनोफेन होतं. प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी घेऊ नका. विकणाऱ्याला सांगितलेला प्रत्येक आजार कागदावर उतरला की नाही ते पाहा. साधा ताप-खोकला असेल तर तातडीच्या विभागात न जाता अर्जंट केअर दवाखान्यात जा, खर्च पुष्कळ कमी येतो. पण छातीत दुखलं तर त्याच क्षणी सांगा, मध्यरात्र असली तरी.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. सुनेची तारीख जवळ आली आहे, विमान नऊ तारखेचं. मी सगळं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. जायला उठल्या आणि दाराशी थांबल्या. ‘मला अलीकडे जिना चढताना जरा धाप लागते,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘पण मुलाला बोलू नका हं. उगाच तिकीट रद्द करायला लावेल.’

मी चप्पल घातली, आणि आम्ही दोघी रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो.