आठ ते आठ

सोसायटीच्या वॉचमनची ड्युटी आठ ते आठ, असे आपण सहज सांगून जातो. ते बारा तास होतात. रात्रपाळीचा माणूस आला नाही, तर दिवसभर उभा राहिलेलाच रात्रही काढतो. एजन्सीवाले याला डबल ड्युटी म्हणतात. महिनाअखेर यातले किती तास हिशेबात धरले, हे त्याला कुणी सांगत नाही. पगाराची पावती नसते. सुपरवायझर सांगेल तो आकडा.

गेटवरची वही कधी उघडून बघा. दूधवाला, कुरिअरवाला, पाहुणे, सगळ्यांची येण्याजाण्याची वेळ त्याच्याच अक्षरात मिनिटासकट लिहिलेली असते. त्याच्या स्वतःच्या हजेरीपुढे मात्र नुसती ‘पी’.

आठवड्याला ४८ तासांच्या वर काम करून घेतले, तर जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. आठ तासांचा दिवस धरला, तर वरच्या चार तासांचा पगार आणखी एका दिवसाएवढा होतो. म्हणजे ते दिले नाहीत, तर बारा तासांच्या प्रत्येक ड्युटीमागे एका पूर्ण दिवसाचे पैसे त्या माणसाच्या खिशातून जातात. मी याला चोरीच म्हणेन.

हे हक्क कुणी दान म्हणून दिलेले नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ साली बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याच मुंबईत आज किती वॉचमनना रविवार तरी मिळतो?

दोष एजन्सीचा आहेच, पण आपलाही आहे. सर्वसाधारण सभेत तीन कोटेशन येतात आणि सर्वांत स्वस्त ते मंजूर होते. एवढ्या पैशांत एजन्सी माणसाला काय देणार, हा प्रश्न निघत नाही. मेंटेनन्स वाढू नये म्हणून हात वर करताना आपण कुणाच्या तासांवर बचत करतो आहोत, हे आपल्याला कळायला हवे.

असे राबणाऱ्या प्रत्येकाला एक सांगावेसे वाटते: आल्याची आणि सुटल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा. वेतन संहितेप्रमाणे थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. भांडायची भीती वाटते, कारण उद्या गेटवर दुसरा माणूस उभा असेल. म्हणून एकट्याने जाऊ नका; चार-पाच जण मिळून युनियनकडे किंवा कामगार कार्यालयात जा.

आणि आपण, जे त्या गेटमधून रोज आत-बाहेर करतो, त्यांनी पुढच्या सभेत एवढेच मागावे: एजन्सीने प्रत्येक वॉचमनची पगार पावती दाखवावी, तासांसकट. ती दाखवल्याशिवाय कंत्राटाचे नूतनीकरण करू नये.