शोमरोन्याची जागा

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील दृष्टांत आपणांस पाठ आहे. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या मनुष्याजवळून याजक गेला, लेवी गेला. थांबला तो शोमरोनी. ज्याच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवीत नसत, त्यानेच तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधिल्या आणि उतारशाळेचा खर्चही सोसिला.

आमच्या वडिलांस गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हे आम्ही विसरलो नाही. तर या दृष्टांतात आमची जागा कोणती? त्या शोमरोन्याची. ज्या घराने आमची घागर रिकामी परतविली, त्याच घरी आज कोणी तापाने पडला असेल, तर प्रथम पेज घेऊन आम्हीच जावे. उपदेश मागाहून, आधी उशाशी बसावे. प्रभु आम्हांस असे धैर्य देवो. आमेन.