सापडलेले नाणे धुवावे काय?

२०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याशी, गावकऱ्यांचे जथे रात्री शेते उकरू लागले. हातांत विजेऱ्या होत्या, चाळण्या होत्या, आणि काहींपाशी धातुशोधक यंत्रेही होती. रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीत मोगली मोहरा मिळतात अशी वदंता उठली होती. तिला जोर आला तो 'छावा' या हिंदी चित्रपटाने. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटात बऱ्हाणपूरच्या वैभवाचे दर्शन घडते. संभाजी महाराजांच्या सैन्याने ते शहर १६८१ साली लुटले, हे इतिहासप्रसिद्धच आहे. शिवाय तेथे मोगलांची टांकसाळ होती. तेव्हा त्या मातीत नाणे असणे अगदीच अशक्य नव्हे. अखेर प्रशासनाने खोदकाम थांबविले आणि शहरांतील लोक चार दिवस त्या गावकऱ्यांस हसले.

आम्हांस हसू आले नाही. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते, असे आमच्या लहानपणी घरोघर सांगत. कोकणगोव्याकडील वाचकांस तर धनावरचा नाग आणि राखणदार नव्याने सांगावयास नकोत. पूर्वी पायाळू शोधावा लागे, आता यंत्र विकत मिळते, एवढाच फरक. पण या साऱ्या कथांत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. धनावर कोणीतरी बसलेला आहे, आणि त्याला विचारल्यावाचून ते उचलता येत नाही. यंत्र हे विचारीत नाही. ते केवळ वाजते. म्हणून विचारण्याचे काम माणसाकडे येते.

सापडलेले प्रत्येक नाणे एकाच जातीचे नसते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. काही नाणी टाकलेली असतात, काही हरवलेली, आणि काही लपविलेली.

टाकलेल्या नाण्यांचे उदाहरण आम्हां भोपाळकरांस दूर शोधावे लागत नाही. भुसावळकडे जाणारी गाडी नर्मदेच्या पुलावर आली की खिडक्यांतून हात बाहेर येतात आणि नाणी खाली पडतात. नदीकाठची मुले दोरीला लोहचुंबक बांधून ती वर काढतात. १९८८ नंतर आपली चिल्लर हळूहळू पोलादाची होत गेली, म्हणून हा उद्योग चालतो. त्यापूर्वीचा तांबे-निकेलचा रुपया चुंबकाला दाद देत नाही आणि नदीतच राहतो. मुले ती काळवंडलेली नाणी वाळूने घासतात आणि वाण्याकडे नेऊन मोडतात. देवाला वाहिलेले उचलले म्हणून नाक मुरडणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. त्यांस आमचे सांगणे असे की धर्मशास्त्रात दान आणि उत्सर्ग यांत भेद केलेला आहे. दानाला घेणारा लागतो; उत्सर्गात देणारा आपले स्वामित्व सोडून मोकळा होतो आणि ती वस्तू सर्वांच्या उपयोगाला येते. पाण्यात टाकलेल्या रुपयाला आमच्या मते हाच न्याय लावावा. तो ज्याने थंडीत कंबरभर पाण्यात उभे राहून वर काढला त्याचा तो आहे, आणि त्याने तो खुशाल धुवावा. वाणी डाग पाहून तो नाकारू लागला तर वाण्याचीच चूक. २०११ च्या नाणेविषयक कायद्याप्रमाणे चलनातील नाणे विद्रूप झालेले नसावे आणि झिजून ठरीव वजनाखाली गेलेले नसावे, एवढीच अट आहे. चकाकीची अट कोठेही नाही. मात्र ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा नर्मदेने दिलेली चवली-पावली आता भंगाराच्या भावाची.

हरवलेल्या नाण्याविषयी १८६० च्या दंडसंहितेने एक सुंदर दृष्टान्त दिला होता आणि २०२३ च्या न्यायसंहितेने तो तसाच ठेवला आहे. हमरस्त्यावर एकाला रुपया सापडतो, तो कोणाचा हे त्याला ठाऊक नाही, तो उचलतो. हा गुन्हा नव्हे. परंतु मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा शोधण्याची साधने हाती असताना ती न वापरता, वस्तू आपलीशी केली की गुन्हा घडतो. मनुस्मृतीत 'प्रणष्टस्वामिक' धनाविषयी राजाला तीन वर्षे वाट पाहावयास सांगितले आहे, ती याच न्यायाने. सापडणे हा एक क्षण आहे आणि त्या क्षणात दोष नाही. दोष असलाच तर त्यानंतरच्या घाईत असतो.

खरा पेच लपविलेल्या धनाचा. हंडा पुरणारा मनुष्य परत येण्याच्या इच्छेने पुरतो. दुष्काळ, स्वारी, भाऊबंदकी, कारण काही असो; तो आला नाही, म्हणून तर हंडा आपल्यापर्यंत पोचला. त्याने ते कोणालाही दिलेले नाही आणि त्याच्या हातून ते हरवलेलेही नाही. १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा या पेचाला व्यवहारी उत्तर देतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर काय, कोठे आणि केव्हा सापडले हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, जाहिरात निघते, दावेदारांस चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. शंभर वर्षांच्या आत पुरल्याचे सिद्ध झाले नाही आणि जागेच्या मालकाशी तंटा नसला तर, निराळा करार नसल्यास, तीन हिस्से सापडणाऱ्यास व एक हिस्सा जागेच्या मालकास. न कळविल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूही ठरते. त्याचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

या कायद्यात सापडणाऱ्याला चोर मानलेले नाही, हे त्याचे मोठेपण. पण एक कलम आम्हांस नेहमी खटकत आले आहे. सरकारला निधी स्वतःकडे ठेवावयाचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढे मोल द्यावे, असे त्यात आहे. म्हणजे ज्या सरकारने मजुराला सांगावयाचे की बाबा रे, हे नुसते तांबे नव्हे, त्यानेच त्याची किंमत तांब्याच्या तराजूत करावयाची! तऱ्हाळ्याचे उदाहरण घ्या. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशीमच्या, या गावी १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा मिळाला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाणी हलक्या मिश्रधातूची. मोडीत काढली असती तर चार पैसेही आले नसते. पण त्यांवरून कुंभ, कर्ण आणि शक या नावांचे सातकर्णी राजे कळले, ज्यांची पुराणांच्या वंशावळ्यांत दाद नाही. धातूची किंमत अधिक एक पंचमांश या हिशेबाने या तीन राजांचे काय येईल ते वाचकांनीच काढावे.

आता धुण्याविषयी. चिंचेचा कोळ, लिंबू, राख, विटेची पूड: तांब्यापितळेची भांडी लख्ख करण्याची आपली रीत नाण्याला लावली की हिरवट थर निघतो आणि त्या थरात धरून राहिलेली अक्षरेही त्याबरोबर जातात. संग्राहक घासलेले नाणे पाहताच भाव उतरवितो, म्हणजे विकण्यासाठी धुणारा स्वतःचेच नुकसान करितो. पण तो हिशेब बाजाराचा झाला. आम्ही ज्या धंद्यात आहो त्यात रक्ताचा डाग असलेला सदरा धुऊन न्यायालयात हजर करणाऱ्यास स्वच्छताप्रिय म्हणत नाहीत. नाण्यावरची माती ही त्याची साक्ष होय: ते कोणत्या जागी, किती खोल, कोणाच्या सोबतीने पडून होते याची. मालक मेला, त्याचे वंशज ठाऊक नाहीत, त्याला रक्कम परत करता येत नाही. उरते ते एवढेच, की त्याची साक्ष आपण बुडवू नये.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सुमारे १३,२५० चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची. पण त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. शत्रूचा चेहरा पुसून तेच चांदीचे तुकडे पुन्हा चलनात आणणे, ही विजेत्याची धुलाई. ती पुरती साधली नाही. नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो, आणि कोणी कोणाला जिंकले हे आपण त्या अर्धवट पुसलेल्या चेहऱ्यावरून जाणतो. एखाद्या सोनाराने तो हंडा त्याच रात्री आटविला असता तर?

धुणे सर्वथा वाईट, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्या अयोध्या नगरापासून तासादीड तासाच्या वाटेवर, विदिशेजवळ बेसनगरला, खांबबाबा आहे. भक्तांच्या शेंदराचे इतके थर त्यावर चढले होते की १८७७ साली कनिंगहॅमसारख्या शोधकाला त्याखालचा लेख दिसला नाही. पुढे १९०९ च्या सुमारास शेंदूर काढला गेला, आणि तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोर या यवन दूताने वासुदेवाचा गरुडध्वज येथे उभारला हे जगाला कळले. तेथे शेंदूर काढणाऱ्याला खालचे वाचावयाचे होते. चिंच घेऊन बसणाऱ्याला ते विकावयाचे असते. खांब जागच्या जागी राहिला, काय निघाले ते लिहून ठेवले गेले.

उपाशी माणसाला या गोष्टी सांगाव्या काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. पाया खणणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला हंडा सापडला तर त्याच्यापुढे एका बाजूस सोनाराची रोकड आणि दुसऱ्या बाजूस सहा महिन्यांची तारीख व पोलिसांची चौकशी असते. १८७८ साली दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती; आज तेवढ्यात चहाचा एक पेला येतो, आणि कायद्याचा आकडा तेथेच आहे. अशा स्थितीत त्याने सोनाराची वाट धरली तर अपराधाचा मोठा वाटा आम्ही त्याच्या पदरी घालणार नाही. नोकरदाराची गोष्ट वेगळी.

आमच्या शेजारचा एक अभियंता तरुण हौसेने असे यंत्र बाळगतो. पावसाळ्यानंतर बायपासकडील सपाट केलेल्या रिकाम्या भूखंडांवर तो हिंडतो. मागे एकदा तो चार नाणी घेऊन आला. दोन पोलादी रुपये, एक पावली, आणि एक जाडसर तांब्याचे, बहुधा भोपाळ रियासतीचे. चारही सारखीच लखलखीत. "काका, हे कितीला जाईल? कळवावे लागेल का?" रुपये खर्चून टाक, असे आम्ही सांगितले. तांब्याच्या नाण्यावर फारसी लेखणीचे दोन फराटे कसेबसे उरले होते, साल गेले होते. ते कोठे मिळाले, असे आम्ही विचारले. त्याने आठवून पाहिले. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला असावे, म्हणाला, किंवा त्यापलीकडच्या भूखंडात; पण आता दोन्हीकडे स्लॅब पडला आहे.