औषध कोणासाठी?

फुप्फुसाच्या कॅन्सरवर दोन औषधांची जोडी चालेल का, याची पहिली परीक्षा तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये होते. तिला ९६ खळगे. त्यांत पुष्कळदा ए५४९ या सेल लाइनच्या पेशी असतात. १९७२ साली एका ५८ वर्षांच्या रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. काही खळग्यांत एक औषध घालतात, काहींत दुसरे, काहींत दोन्ही. दोन-तीन दिवसांनी एमटीटी हे पिवळे रसायन सोडले की जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जिथे पेशी मेल्या तिथे जांभळा उमटत नाही. मग चौ आणि तलाले यांनी १९८४ मध्ये मांडलेले गणित करायचे. त्यातून निघणारा निर्देशांक १ पेक्षा कमी आला तर औषधे एकमेकांचे बळ वाढवतात, जास्त आला तर एकमेकांच्या आड येतात.

हा आकडा मोलाचा आहे, पण तो माणसाविषयी फार थोडे सांगतो. प्लेटला यकृत नसते, मूत्रपिंड नसते. तिला उलट्या होत नाहीत, तिच्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत.

गेफिटिनिब या गोळीने हे दाखवून दिले. पेशींवर आणि उंदरांवर केमोथेरपीच्या जोडीने तिचा परिणाम उत्तम दिसला होता. पुढे दोन मोठ्या चाचण्यांत दोन हजारांहून जास्त रुग्ण सहभागी झाले. २००४ मध्ये निकाल छापून आले: गोळी जोडल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नव्हते. त्याच वर्षी कळले की ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल असतो, त्यांनाच ही गोळी खऱ्या अर्थाने लागू पडते. चाचण्यांत मात्र ती सरसकट दिली गेली होती.

परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा विषय तिथेच सोडला नाही. त्यांनी जनुकात असा बदल असलेले ३५० रुग्ण निवडले. काहींना नुसती गेफिटिनिब दिली, काहींना तिच्यासोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे. नुसत्या गोळीवर निम्म्या रुग्णांचा आजार ८ महिन्यांत पुन्हा बळावला होता. जोडीवर ही मुदत १६ महिन्यांवर गेली. गंभीर दुष्परिणामही दुपटीने वाढले, आणि तेही त्यांनी निकालात स्पष्ट नोंदवले.

मला यातली चिकाटी मोठी वाटते. आधीच्या अपयशाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही, आणि यश मिळाल्यावर त्याची किंमतही लपवली नाही. त्या दोन हजार रुग्णांचा सहभागही वाया गेला नाही, कारण औषध कोणाला द्यायचे हे आधी ठरवायला हवे, हा धडा त्यांच्यामुळेच पक्का झाला.

म्हणून घरात कोणाला हा आजार झाला आणि डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सांगितली, तर ती टाळू नका. अहवालाला काही दिवस लागतील. प्रकृती थांबण्याजोगी आहे का, हे डॉक्टरांना विचारा; ते हो म्हणाले तर थांबा. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्या माणसालाही लागू पडेलच असे नाही.