पाचवी ओळ

इंग्लंडमधल्या एका गोदामात एक मुलगी नव्याने कामाला लागली. साल १९८८. मालाची मोजदाद करायला तिथे ‘सायॉन ऑर्गनायझर टू’ आणले होते. यंत्र हातात मावणारं, ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारं. पडदा दोनच ओळींचा, ओळीत १६ अक्षरं. बटणंही टाइपरायटरसारखी नव्हती, ए-बी-सी अशी क्रमाने लावलेली. ओपीएल नावाची भाषा मात्र यंत्रातच होती. शिकेल त्याला प्रोग्रॅम लिहिता येई.

मुलीला हौस होती. एका खोक्यात २४ डबे. खोकी सांगितली की यंत्राने डबे सांगावेत. जेवणाच्या सुट्टीत तिने चार ओळी लिहिल्या आणि प्रोग्रॅम चालवला. यंत्राने आकडा विचारला. तिने पाच दिला. पडद्यावर काहीतरी लुकलुकलं आणि मेनू परत आला.

तिने गुणाकार बदलून पाहिला. मग प्रोग्रॅमचं नाव बदललं. मग सगळंच खोडून पुन्हा लिहिलं. दर वेळी ते डेटापॅकवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या साठवणीच्या डबीवर, साठवलं. डेटापॅकची रीत अशी, की खोडलेलं दिसेनासं होई, पण त्याची जागा सुटत नसे. ती सोडवायला अख्खा पॅक अतिनील प्रकाशात कोरा करावा लागे. या पॅकवर आधीच्या पुष्कळ नोंदी होत्या. उरलेली जागाही भरली.

रडकुंडीला येऊन ती म्हाताऱ्या गोदामवाल्याकडे गेली.

“मला यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “पण तूच यंत्र हो. एकेक ओळ वाच, आणि ती सांगेल तेवढंच कर.”

ती बोट ठेवून वाचू लागली. “खोकी किती? पाच. डबे एकशेवीस.”

“मग?”

“मग काही नाही. संपलं.”

“म्हणजे उत्तर सांगितलंस आणि निघून गेलीस.”

मुलगी हसली. उत्तर पहिल्याच वेळी आलं होतं. कळ दाबेपर्यंत थांब, एवढंच यंत्राला सांगायचं राहिलं होतं. आपल्याला दिसलं नाही ते झालंच नाही, असं धरून ती बरोबर ओळी खोडत बसली होती. नवशिके बहुधा तेच करतात, जुनेही करतात.

तिने थांबायला सांगणारी पाचवी ओळ घातली : गेट. पडद्यावर १२० आलं आणि राहिलं. मग नोंदी उतरवून घेऊन तिने पॅक कोरा करायला दिला.